डब्यातली राणी

बदलापूरचं स्टेशन कुळगावात आणि बदलापूर गाव त्याच्या पश्चिमेला, उल्हास नदीच्या अंगाला. स्टेशनाभोवतीच्या टॉवरांत राहणाऱ्यांकडे घराचे हप्ते असतात, गावातल्या जुन्या घरांत डबे असतात. डबा कपाटाच्या तळाशी, जरीच्या लुगड्याखाली ठेवलेला. आत राणीछाप रुपये, एखाददुसरा राजाछाप, मूठभर भोकाचे पैसे, काही ढब्बू पैसे, १९५७ नंतरचे नये पैसे आणि कुणीतरी दूरदृष्टीने टाकलेलं वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं. वाटणीच्या दिवशी जमीन मोजणीदार मोजतो, भांडी आत्या मोजतात, डब्यापाशी मात्र सगळे थांबतात. त्याची किंमत कुणालाच ठाऊक नसते आणि ती दुसऱ्याला ठाऊक असावी असा प्रत्येकाला संशय असतो. माझं म्हणणं असं की ही किंमत काढणं मुळीच अवघड नाही, अवघड आहे ती ऐकून घेणं. नाण्याचं मोल वयावर ठरत नाही, आजोबांच्या आठवणीवर तर नाहीच. त्याची भावंडं किती उरली, ती कितपत धड आहेत आणि ती घ्यायला कोण तडफडतंय, एवढ्यावरच ते ठरतं.

पटत नसेल तर नाशिककडे बघावं. जोगळटेंभीला १९०६ साली क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी, आणि त्यांतल्या नऊ हजारांवर गौतमीपुत्र सातकर्णीने हरलेल्या राजाच्या तोंडावरच आपला शिक्का मारून घेतलेला. इतिहासाच्या दृष्टीने हा साठा अमोल. पण नुसत्या वयाने भाव ठरत असता तर यातलं एकेक नाणं विकून एकेक तालुका घेता आला असता. उलट अमेरिकेचं १९३३ चं वीस डॉलरचं सोन्याचं नाणं २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ८८ लाख डॉलरांहून जास्त किमतीला गेलं. वयाने ते आपल्याकडच्या कित्येक आजोबांपेक्षा धाकटं. पण त्याची जवळजवळ साडेचार लाख भावंडं, हाताच्या बोटांवर मोजण्याजोगी सोडली तर, सरकारने वितळवून टाकली होती. आता आपली राणी. १८६२ चा रुपया निघाला की घरात गंभीर शांतता पसरते, दीडशे वर्षांहून जुना! पण इंग्रज सरकारने १८७४ पर्यंत रुपये पाडताना साल बदलायचे कष्टच घेतले नाहीत, सगळ्यांवर १८६२. मुंबईच्या टांकसाळीने त्यातल्या त्यात ठिपके देऊन वर्षं ओळखायची सोय केली. ते ठिपके मोजणारे शौकीन आहेत आणि एखाद्या ठिपक्याला ते बरे पैसेही देतात. तेव्हा भिंग जरूर काढावं, फक्त घराचं कर्ज फेडतो म्हणून बँकेला इतक्यात कळवू नये.

तरी चांदीच्या रुपयाला तळाची एक किंमत आहे, आणि ती त्रैराशिक येणाऱ्या कुणालाही काढता येते. १८३५ पासूनचा कंपनीचा आणि पुढे राणीचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, त्यात बारापैकी अकरा भाग चांदी. म्हणजे १०.७ ग्रॅमच्या आसपास शुद्ध चांदी, गुणिले त्या दिवशीचा भाव, वजा झीज, वजा सराफाच्या चेहऱ्यावरची नाराजी. १९४० पासून महायुद्धाने ही चांदी निम्म्यावर आणली आणि १९४७ च्या रुपयात ती संपूनच गेली, निकेल आलं. त्यामुळे सहाव्या जॉर्जच्या एकाच मुखड्याचे १९३८, १९४४ आणि १९४७ चे तीन रुपये तीन वेगळ्या लायकीचे आहेत. थोरल्याने १९३८ चा उचलून धाकट्याला १९४७ चा दिला, तर वाटणी दिसायला अगदी समसमान होते. बरेच थोरले हे अजाणता करतात असं मी धरून चालतो. ‘सराफ फसवतो, नुसतं वजन करतो’ अशी तक्रार यावर येते. पण सराफाचा धंदा चांदीचा आहे, इतिहासाचा नाही. त्याच्या काट्याला राणी कळत नाही, ग्रॅम कळतात. भोकाच्या पैशाला तर तेही ग्रॅम नाहीत. १९४३ पासून युद्धात तांबं वाचवायला सरकारनेच ते भोक पाडलं आणि असे पैसे इतके काढले की दुर्मिळ म्हणायला लाज वाटावी. बदलापुरात नशीब काढलं ते नाण्यांनी नाही, मातीने. ज्या आजोबांनी नाणी जपून गुंठे स्वस्तात काढून टाकले, त्यांच्याविषयी नातवंडं अजून जपून बोलतात.

दुसरा निकष अवस्थेचा, आणि इथे आपल्या घरांनी शत्रूलाही जमणार नाही अशी कामगिरी केली आहे. दर लक्ष्मीपूजनाला तांब्याचा पैसा चिंचेने आणि चांदीचा रुपया रांगोळीने नाहीतर दातांच्या पावडरीने खसखसून घासायचा, वर हळदकुंकू. पन्नास-साठ दिवाळ्यांनी व्हिक्टोरियाचं नाक जातं, मग मुकुट जातो, शेवटी उरते एक गुळगुळीत बाई. ती कुणाची तरी आजी असावी एवढंच कळतं. एखाद्या रुपयाला कडी डागून तो गळ्यातही घातलेला असतो. संग्राहकाला नेमका उलटा माल लागतो. कमी हाताळलेला, छाप ठसठशीत राहिलेला आणि वर काळाने आपोआप चढवलेला काळपटपणा तसाच असलेला. जुनं नाणं चकाकताना दिसलं की तो तोंड फिरवतो. मग लक्ष्मीपुढे काय काळा रुपया मांडायचा, असं घरातून विचारलं जाईल. नाही, चकचकीतच मांडावा. देवीने बाजारभावाची हमी कधी दिलेली नाही. पूजेचा रुपया पूजेला ठेवावा आणि विकायच्या रुपयाला आंघोळ घालू नये. एकाच नाण्याकडून पुण्य आणि नफा दोन्ही काढायचं म्हणजे त्या बिचाऱ्या राणीवर अन्याय आहे.

सगळ्यांत हळवा आक्षेप शिवराईचा, म्हणजे शिवाजी महाराजांच्या तांब्याच्या पैशाचा. बदलापुरात त्याला विशेष जोर, कारण महाराजांच्या फौजेचे घोडे इथे बदलले जात ही कथा प्रत्येक गावकरी सांगतो. घोडे बदलले तर चार पैसे सांडले असणारच, हा पुढचा तर्क ओघानेच येतो. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ असे तांब्याचे पैसे पाडले गेले, हे खरं. सोन्याचा शिवराई होन तर संग्रहालयांनीही जपून ठेवावा इतका विरळा. पण शिवराई महाराजांबरोबर संपली नाही. पेशवाईत ‘दुदांडी’ नावाच्या शिवराया अमाप पाडल्या गेल्या आणि इंग्रजी अमलातही त्या खेडोपाडी चालत राहिल्या. डब्यात निघते ती बहुधा हीच, आणि तिचा भाव तिच्यावरच्या नावाच्या मानाने फारच थोडा. याने काहीजण दुखावतात. दुखावण्याचं कारण नाही. महाराजांचा मान तांब्याच्या भावाशी बांधलेला नाही. गंमत म्हणजे ठसे कोरणाऱ्या कारागिरांनी ‘शिव’ कुठे ‘शीव’, कुठे ‘सिव’ असं लिहून ठेवलंय, आणि शाळेत ज्या चुकीला छडी मिळाली असती तिच्यामागे संग्राहक आज धावतात. बनावट शिवरायाही बाजारात भरपूर आहेत, त्यामुळे जुनी दिसते म्हणून जुनीच, असं धरू नये.

आता उरला तो मोबाइलवरच्या व्हिडिओंचा पुरावा. वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो रुपये, ट्रॅक्टरच्या नोटेला तेवढेच, ७८६ आकड्याच्या नोटेला त्याहून जास्त. वैष्णोदेवीचं नाणं २०१२ चं आहे, ते अजून दुकानात चालतं. आणि जे नाणं देऊन पाच रुपयांची कोथिंबीर येते त्याला कुणी लाख कशाला मोजेल, हे त्या व्हिडिओत कुणी सांगत नाही. त्यात सांगतात ते एवढंच की आधी नोंदणी फी भरा, मग कर भरा, मग कमिशन. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात ती नाही आणि तिच्या नावाने फी घ्यायचा अधिकार तिने कुणालाही दिलेला नाही. तरी लोक भरतात. दुसरा प्रकार रामदरबार कोरलेल्या, ‘१८१८, ईस्ट इंडिया कंपनी’ असं लिहिलेल्या आण्याचा. असा आणा कंपनीने कधी पाडला नाही, तरी तो तांदूळ ओढतो म्हणून विकला जातो. तांदूळ रेशनवर मिळत असताना नाण्याने का ओढायचा, हेही एक कोडंच. ‘पण पेपरात आलेली लिलावाची बातमी खोटी असते का?’ नसते. लिलावात एक नाणं लाखाला गेल्याची बातमी येते. त्याच जातीची घरोघरी पडून असलेली हजारो नाणी कुणी विचारत नाही, याची बातमी कुठला संपादक छापेल?

कायद्याचं थोडक्यात. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांवरचं नाणं पुरावस्तू ठरतं आणि ते देशाबाहेर नेता येत नाही, तेव्हा न्यू जर्सीच्या पुतण्याने राणीला बॅगेत घालून विमानात चढू नये. आणि जुना वाडा पाडताना जमिनीखाली काही निघालं तर ते वारसाहक्कात मोडत नाही. १८७८ चा निधी कायदा दहा रुपयांवरच्या ठेव्यासाठीही कलेक्टरला कळवायला सांगतो. ही मर्यादा अजून तेवढीच आहे, म्हणजे निदान एका ठिकाणी तरी रुपयाचा भाव टिकला.

मग करायचं काय? चांदीची नाणी वेगळी काढून वजन करावं, सालं लिहावीत, मुंबईतल्या दोन वेगळ्या नाणे-विक्रेत्यांना दाखवावं आणि एकाने सांगितलेला भाव दुसऱ्याला सांगू नये. पाचव्या जॉर्जचा १९११ चा रुपया निघाला तर थोडं थांबावं. राजाच्या अंगरख्यावरच्या साखळीतला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, गदारोळ झाला, चौऱ्याण्णव लाखांच्या आसपास पाडलेल्या रुपयांतले बहुतेक सरकारने परत वितळवले आणि १९१२ पासून हत्तीला नीट सोंड आणि कान मिळाले. बदलापूर गावात कुणाच्या डब्यात तो १९११ चा असेल, तर त्याने या दिवाळीला त्याला रांगोळी लावू नये.