नादब्रह्माची मोजणी

जमिनीची मोजणी मी पस्तीस वर्षे पाहिली. धाराशिव जिल्ह्यातील एका तहसील कचेरीत कारकून म्हणून लागलो आणि अव्वल कारकून म्हणून बाहेर पडलो. त्या अवधीत एकमेकांचे बांध कोरणारे सख्खे भाऊ, सातबाऱ्यावरून मोडलेल्या सोयरिकी आणि कोणत्याच चतुःसीमेत न मावणाऱ्या विहिरी इतक्या डोळ्यांखालून गेल्या की, मोजणीने न मिटणारा तंटा जगात नाही अशी माझी दृढ धारणा होऊन बसली होती. ती धारणा ज्या वस्तूने धुळीस मिळविली, ती म्हणजे अल्प किमतीचा, आटोपशीर असा एक स्टीरिओ संच होय.

चिरंजीव पुण्यास स्थायिक झाल्यामुळे त्याची दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद खोली रिकामी पडली होती, आणि तीत सायंकाळी स्वस्थ बसून गाणे ऐकावे अशी वासना माझ्या ठायी उत्पन्न झाली. आमच्या घरात गाणे नवे नव्हते. निजामी अमदानीत उर्दू दफ्तर लिहिण्यात तारुण्य घालविलेल्या माझ्या वडिलांनी पुढे एक रेडिओ घेतला होता. त्याचा परवाना दरसाल टपालकचेरीत शुल्क भरून नवा करून घ्यावा लागे, आणि ते परवान्याचे पुस्तक वडील शेताच्या कागदांबरोबर ट्रंकेत ठेवीत, कारण ज्या वस्तूवर सरकारात भरणा करावा लागतो ती स्थावर इस्टेटच, असे त्यांचे मत होते. त्या रेडिओला तोंड एकच होते, त्यामुळे घरातील कोणी कोठे बसावे याविषयी त्याचा काही आग्रह नसे. ही त्याची थोरवी मला फार उशिरा कळली.

माझी दरखास्त सौभाग्यवतींनी आठ हजार रुपयांच्या मर्यादेत मंजूर केली. मात्र ‘सदर खोलीतील दिवाण, शिलाईयंत्र व ज्वारीची कोठी जागची हलवू नये,’ अशा आशयाचा तोंडी शेरा मारून.

गावातील पहिल्याच दुकानात एका संचाने माझे लक्ष वेधले. त्याच्या पोटावर ‘4000 वॅट पीएमपीओ’ अशी सोनेरी अक्षरे होती. सवयीप्रमाणे मी तो उलटा करून पाठ वाचली. तेथे बारीक टाइपात वीजवापर 40 वॅट असल्याचे नमूद होते. जमा चाळीस आणि खर्च चार हजार असा ताळेबंद ज्याने सादर केला असता, त्याला आमच्या खात्याने दुपारच्या चहापूर्वी निलंबित केले असते. मी दुकानदाराकडे खुलासा मागितला, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “काका, ते पीएमपीओ असतं.” शेजारचे निवृत्त विज्ञानशिक्षक गुरुजी यांनी नंतर त्याचा अन्वयार्थ सांगितला तो असा की, एखाद्या कल्पित निमिषात यंत्राने प्राण पणास लावून जो आवाज काढावा त्याच्या अंदाजास हे नाव असून, तो अंदाज बांधण्यास सर्वमान्य असे कोणतेही माप नाही; भरवशाचा आकडा पाहावयाचा तर तो आरएमएस या संज्ञेखाली पाहावा, आणि तो जेथे छापलेलाच नसेल तेथून निमूटपणे उठून यावे.

गुरुजींनी एवढ्यावरच मला सोडले नाही. वॅट दुप्पट केले म्हणजे आवाज दुप्पट होतो ही समजूत अडाणीपणाची असून, दुप्पट वॅटांनी केवळ 3 डेसिबलची भर पडते आणि कानास आवाज दुप्पट वाटावा असे असेल तर शक्ती दसपट लागते, हे त्यांनी मला वहीत आलेख काढून दाखविले. 86 डेसिबल संवेदनक्षमतेच्या साध्या पेटीस एकच वॅट दिला तरी एक मीटरवर 86 डेसिबल आवाज निघतो, म्हणजे रहदारीच्या रस्त्यावर उभे राहिल्यासारखे होते. तात्पर्य, माझ्या खोलीस पाच-दहा प्रामाणिक वॅट पुरेसे होते. चार हजारांची आशा धरून गेलेला मनुष्य पाचावर तृप्त होऊन परतल्याचे हे उदाहरण आध्यात्मिक ग्रंथांत नोंदविण्यासारखे आहे.

पुढल्या आठवड्यात आम्ही दोघे एस. टी.ने सोलापूरला निघालो. वाटेत तुळजापूर लागते, आणि तेथे गाडीतूनच हात जोडताना गुरुजींना दृष्टान्त सुचला. आईच्या गोंधळात वाजणारे संबळ पाहा, ते म्हणाले. एकाच वादकापुढे दोन वाद्ये, एकाचा स्वर ढाला आणि दुसऱ्याचा उंच, आणि एकाने दुसऱ्याचे काम करू नये हीच त्यातली शिस्त. उत्तम पेटीतही खर्जासाठी मोठा पडदा नि तारस्वरासाठी लहान पडदा वेगळा असतो. ज्या पेटीत एकच पडदा सर्व कारभार पाहतो, तिची गत तलाठी रजेवर गेलेल्या सज्जाप्रमाणे होते.

सोलापूरच्या दुकानात गुरुजींनी प्रत्येक पेटीच्या कुशीवर बोटाच्या पेराने टकटक केली आणि कान लावून ऐकले. प्लास्टिकच्या पेट्या पोकळ बोलल्या, दाबलेल्या लाकडाच्या घट्ट बोलल्या. विक्रेता मुलगा चकित झाला. “आमच्या जिल्ह्यात ही जुनी रीत आहे,” गुरुजी गंभीरपणे म्हणाले. “तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी अशीच तपासली होती, आणि नामदेवांचे मडके कच्चे निघाले होते.” मुलाने आपल्या डोक्यावरून सावकाश हात फिरविला. शेवटी वर्धक आतच बसविलेला, फडताळात ठेवता येईल अशा दोन पक्क्या मडक्यांचा जोड सात हजार आठशे रुपयांस ठरला आणि आम्ही तो मांडीवर घेऊन परतलो.

आता दोनच पेट्या का, याविषयी एक आख्यायिका आहे. ॲलन ब्लमलाइन नावाचा इंग्रज अभियंता पत्नीसह चित्रपट पाहावयास गेला असता, नट पडद्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेला तरी त्याचा आवाज एकाच जागेवरून येतो हे त्याला खटकले. यावरचा उपाय आपल्याला सापडला असल्याचे त्याने पत्नीस सांगितले, आणि 1931 साली त्याने त्या उपायाच्या पेटंटसाठी अर्ज दाखल केला, असे सांगतात. पत्नीने काय उत्तर दिले याची नोंद माझ्या वाचनात नाही. आम्हा गावकऱ्यांना मात्र या शोधाचे नवल वाटू नये. घरी बोलताना धाराशिव आणि कागदावर लिहिताना निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून उस्मानाबाद, अशा दोन नादांत आम्ही पिढ्यान्‌पिढ्या राहिलो, आणि 2023 साली दफ्तरातही धाराशिव लागले तेव्हा कुठे आमचा एकच नाद झाला.

खरी कैफियत पेट्या घरी आल्यावर सुरू झाली. भिंतीस लावून मांडताच गाण्यापेक्षा घुमाराच अधिक येऊ लागला. गुरुजींनी फीत टाकून खोली मोजली आणि मान हलविली. खोली अगदी चौरस आहे म्हणून सौभाग्यवतींस जो अभिमान होता, तोच दोष निघाला. दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये सुमारे 56 हर्ट्झचा खर्ज आपोआप घुमतो, आणि लांबी व रुंदी सारखी असल्यामुळे दोन्ही दिशांनी तोच एक स्वर, एका बांधावर हक्क सांगणाऱ्या दोन भावांप्रमाणे, एकदमच ओरडून उठतो. शिवाय सिमेंटच्या भिंती नि गुळगुळीत फरशी. आजीच्या माळवदात हातभर जाडीच्या मातीच्या भिंतींनी भांडणेसुद्धा गिळली होती. उपाय म्हणून समोरच्या भिंतीवर आजीचीच जुनी वाकळ टांगली, आणि पेट्या मागील भिंतीपासून पुढे ओढून स्टुलांवर, कानाच्या उंचीस आणल्या. घुमारा ओसरला. पाहुण्यांनी मात्र वाकळ वाळत घातली आहे काय, असे विचारण्यास आरंभ केला.

राहता राहिली ऐकणाऱ्याची जागा. दोन पेट्या आणि श्रोता यांचा समभुज त्रिकोण झाला पाहिजे, तरच गाणारा मधोमध उभा राहतो, एरवी ज्या पेटीजवळ बसाल तिच्यातच तो कोंडला जातो, असा नियम आहे. मागल्या भिंतीशी कोठी आणि शिलाईयंत्र, त्यांच्यामुळे पेट्या साडेतीन फूट पुढे, दोहोंत अंतर सात फूट. अशा त्रिकोणाची उंची सहा फूट भरते, म्हणजे श्रोत्याचे मस्तक साडेनऊ फुटांवर आले. दहाव्या फुटावर दार. खुर्ची घालावी तर ती उंबरठ्यावर बसे. आणि उंबरठ्यावर बसू नये, हिरण्यकशिपूचे काय झाले ते आठवा, असे सौभाग्यवतींनी बजावले. कोठी हलविण्याची फेरदरखास्त त्याच बैठकीत दाखलही न होता निकालात निघाली. मला दिवाण मिळाला, आणि दिवाणाच्या उशाशी उजवी पेटी.

परवा सायंकाळी अभंगांची ध्वनिमुद्रिका लावली होती. स्वयंपाकघरातून सौभाग्यवती भाकरीच्या पिठाने भरलेले हात तसेच घेऊन आल्या आणि दारात थबकल्या. उंबरठ्यावर बसणे निषिद्ध असले तरी उभे राहण्यास मज्जाव नाही. बराच वेळ त्या हलल्या नाहीत. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तरी हलल्या नाहीत.

“अहो,” त्या हळूच म्हणाल्या, “तबला डावीकडं आहे अन् पेटी उजवीकडं. गाणारा तर अगदी मधोमध, आपल्या कोठीपुढं उभा आहे. तुम्हाला दिसतो का?”

माझ्या उजव्या कानात तासाभरापासून केवळ हार्मोनियम वाजत होते. मी “हो” म्हणालो. न पाहिलेल्या जागेच्या पंचनाम्यावर सही करण्याची ही काही माझी पहिली वेळ नव्हती.