जावेचे मोजे लाल का झाले

"काकू, दोरीवर हे काय लटकवलंय? लडीच्या लडी! अर्धी पिवळी, अर्धी तांबूस."

"लोकर आहे ती. ओली आहे, हात नको लावूस. आणि गॅसवर दूध ठेवून आली असशील तर आधी बंद करून ये, मला मध्ये थांबायला आवडत नाही."

"बंद आहे. बोला."

"माझी सांगलीची जाऊ रिटायर झाल्यापासून सुया घेऊन बसते. कुठूनतरी तिला कळलं, की आपल्या आपण पट्टे पडणारी लोकर मिळते. आपण नुसतं सुलट विणत जायचं, रंग बदलायला धागा तोडायचा नाही. किंमत ऐकली आणि म्हणाली, हळदीच्या गावात राहून रंग विकत कशाला घेऊ? तिचंही बरोबरच आहे म्हणा. सांगलीच्या हळदीला 2018 साली जीआय मानांकन मिळालं, आणि हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांतली हळद तर तिच्या सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या मामंजींनी, डोळ्यांनी पाहिलेली. पुढं 2005च्या पुरात कितीतरी पेवांत पाणी शिरलं."

"पण हळद धुवून जात नाही?"

"लोकरीवरनं इतक्या सहज नाही जात. बाकीच्या बहुतेक झाडपाल्याच्या रंगांना आधी तुरटी लागते, शंभर ग्रॅम लोकरीला दहा-पंधरा ग्रॅम. हळद तुरटीशिवायच धरते. पालीच्या यात्रेत भंडारा उधळला की धनगरांची घोंगडी पिवळी होतात, कोण तुरटी लावतं तिथं? उन्हात मात्र हळद टिकत नाही, महिन्याभरात फिकी पडते. म्हणून मी सावलीत वाळवतेय."

"आणि तो तांबूस?"

"कांद्याची सालं. लोणंदहून पोतं आलं होतं, सालं कशाला टाकू? त्याला तुरटी लावलेली बरी. जावेनं तिसरा रंग आटपाडीच्या डाळिंबाच्या सालींचा केला, त्यात गंजक्या खिळ्यांचं पाणी घातलं, की मातकट हिरवा होतो."

"पट्टे आपोआप पडतात म्हणे..."

"कसले आपोआप! सगळा हिशेब आधी करावा लागतो. ऐक. बारीक लोकरीचा मोजा चौसष्ट टाक्यांचा. एका फेऱ्याला धागा लागतो साधारण साठ-पासष्ट सेंटीमीटर. सहा फेऱ्यांचा एक पट्टा हवा, तर एका रंगाला जवळजवळ चार मीटर. तीन रंग म्हणजे बारा मीटर. मग गच्चीवर सहा मीटर अंतरावर दोन खांब धरायचे आणि त्यांच्याभोवती लोकर गुंडाळत सुटायचं. शंभर ग्रॅममध्ये चारशे मीटर धरलेस, तर तेहतीस वेढे होतात. जागोजागी सैल गाठी बांधायच्या, नाहीतर जो गुंता होतो तो सोडवायला दिवाळी उजाडते. मग तीन पातेली शेजारी शेजारी, प्रत्येकात लडीचा एकेक तुकडा. पोचमपल्लीच्या साडीत नाही का, आधी सूत रंगवतात आणि नक्षी मागावर उमटते? डोकं तेच."

"लोकर आपल्या माणदेशातल्या मेंढरांची?"

"छे गं! दख्खनी मेंढीची लोकर घोंगड्याची. चिंचोक्याची खळ लावून कडक केलेलं घोंगडं पाऊस अडवतं, पण त्या लोकरीचा मोजा घातलास तर दिवसभर पाय खाजवत बसशील. आणि धनगराला आता लोकरीचे कुठले पैसे मिळतात? मिळतात ते मटणाचे. फलटणच्या निंबकरांच्या संस्थेनं 'नारी सुवर्णा' मेंढी तयार केली, तीही जुळी कोकरं द्यावीत म्हणून. त्यासाठी सुंदरबनच्या गरोळ मेंढीचा जनुक दख्खनीत आणला. लोकरीकडं कोण बघतंय! तेव्हा मऊ लोकर बाहेरचीच, मेरिनोची."

"बरं, लाल कसे झाले ते राहिलंच."

"हां! जावेनं मोजे जावयाला दिले. टाचेशी टाके वाढतात म्हणून तिथं पट्टा जरा बारीक होतो, पण दोन्ही पायांचे पट्टे जुळवले होते तिनं, एकाच रंगाच्या एकाच ठिकाणापासून सुरुवात करून. आठवड्यानं विहीणबाईंचा फोन. तुमच्या मोज्यांतला पिवळा रंग लाल कसा झाला, आमच्या बादलीत काही नव्हतं! आवाज असा, की जणू मुलीनंच काहीतरी केलंय. बाईंनी कपडे धुण्याच्या वडीनं घासले होते. आता हळदीला खार लागला की काय होतं? कुंकू! आपल्या आज्यांना माहीत होतं हे. विहीणबाईंनी रोज कपाळाला लावलं असेल, पण डोक्यात नाही आलं. जाऊ शांतपणे म्हणाली, लिंबू पिळलेल्या पाण्यात बुडवा. बुडवले. परत पिवळे! आता त्या बाई सगळ्या सोसायटीला लाल करून, पिवळे करून दाखवताहेत."

"अय्या! मग धुवायचं कशानं?"

"रिठ्यानं. लोकरही मऊ राहते."

"काकू, आमच्या पोराला हातमोजे कराल? पहाटे गाडीवरून वाईला जातो, बोटं आखडतात म्हणतो."

"करेन, पण ह्या लडीचे मजेशीर दिसतील. बोटाला टाके वीसेकच, म्हणजे तेच चार मीटर तिथं अठरा-वीस फेरे पुरतात. तळहातावर बारीक पट्टे आणि प्रत्येक बोटाला तिप्पट जाड. एक बोट पिवळं, शेजारचं तांबडं."

"कॉलेजात हसतील त्याला."

"मग बोटं अर्धीच करते. मोबाईलपण चालवता येईल. हाताचं माप आण, तळहाताचा घेर, अंगठा सोडून. आणि वहीत लिहून आण, मागच्या वेळी वीतभर म्हणून सांगितलंस आणि टोपी तुझ्या नवऱ्याच्या नाकापर्यंत आली."