‘फुल एचडी’ करून देणाऱ्या कॅसेटवाल्यांना खुलं पत्र

कॅसेटवाले साहेब,

कर्वेनगरातल्या तुमच्या दुकानावर ‘जुन्या कॅसेट फुल एचडीमध्ये करून मिळतील’ अशी मोठी पाटी आहे. माझ्या शेजारच्या काकूंनी ती वाचली आणि मुलीच्या 2003 सालच्या लग्नाच्या मिनी डीव्ही कॅसेट विश्वासाने तुमच्या हवाली केल्या. पैसे तुम्ही आगाऊ घेतलेत, पेनड्राइव्ह वेळेवर दिलात. कामातली तेवढीच एक गोष्ट तुम्हाला नीट जमली.

व्हिडिओ एडिटिंग हा माझा रोजचा धंदा, म्हणून काकूंनी मला बोलावलं. अंतरपाट दूर होतो तिथे मी चित्र थांबवलं. कापडाची सरळ कड कंगव्याच्या दातांसारखी दिसत होती. नवरी हार घालायला हात उचलते, तर हिरव्या चुड्याच्या जागी नुसत्या आडव्या रेघा. उडणारी प्रत्येक अक्षत दोनदा दिसते. हालचाल न करता बसलेले गुरुजी तेवढे शाबूत राहिलेत. “जुनी कॅसेट आहे, असंच येणार,” असं तुम्ही काकूंना सांगितलंत. साहेब, हे धादांत खोटं आहे. तीच कॅसेट मी माझ्या कॅमेऱ्यात लावून पाहिली. ती ठणठणीत आहे.

आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत एक चौकट दोन फील्डमध्ये विभागलेली असते. दिसणाऱ्या 576 रेघांपैकी एका फील्डमध्ये विषम, दुसऱ्यात सम, आणि सेकंदाला अशी 50 फील्ड. दोन फील्डच्या मध्ये सेकंदाचा पन्नासावा भाग जातो, तेवढ्यात नवरीचा हात पुढे सरकलेला असतो. जुन्या पिक्चर ट्यूबवर ही फील्ड एकामागून एक उमटत. त्यामुळे कमी बँडविड्थमध्येही हालचाल सलग दिसे. 1973 मध्ये सिंहगडावरून पुण्यातल्या घरांत दूरदर्शन आलं, तेही याच रीतीने. आजचा टीव्ही किंवा मोबाइल मात्र अख्खी चौकट एका वेळी दाखवतो. दोन वेगळ्या क्षणांच्या रेघा एकाच चौकटीत आल्या की दाते दिसतात. म्हणून चित्र आधी डीइंटरलेस करायचं, म्हणजे दोन फील्ड वेगळी करून त्यांच्या पूर्ण चौकटी बनवायच्या, मग बाकीचं सगळं.

तुम्ही ते केलंच नाहीत. सरळ 576 रेघा ताणून 1080 केल्यात, आणि खरा घात इथे झाला. रेघा जशाच्या तशा ठेवल्या असत्यात, तर दोन्ही फील्ड वेगळी काढून तुमची फाइल मी दुरुस्त केली असती. ताणताना शेजारशेजारच्या रेघा एकमेकींत मिसळल्या. आता कुठली रेघ कुठल्या क्षणाची, हे कुठलंच सॉफ्टवेअर धडपणे सांगू शकत नाही. शिवाय 4:3 चं चित्र 16:9 मध्ये ओढलंत, त्यामुळे सगळं वऱ्हाड आडवं फुगलंय. या सगळ्याला तुम्ही ‘एचडी’ म्हणता आणि त्याचे जादा पैसे लावता.

सोबत दिलेल्या डीव्हीडीची तऱ्हा आणखी वेगळी. डीव्हीमध्ये खालचं फील्ड आधी येतं. तुम्ही वरचं आधी अशी खूण करून डीव्हीडी बनवलीत. परिणामी फील्ड दोन, एक, चार, तीन अशा क्रमाने येतात, आणि पंगतीत जिलेबी वाढणारा माणूस पुढे जाता जाता सारखा मागे हिसकतो. एक सेटिंग बदललं असतंत तर हे टळलं असतं. ते तपासायला तुम्ही दहा सेकंदही डीव्हीडी लावून पाहिली नाहीत.

आता योग्य रीत ऐका. फायरवायर केबलने कॅसेट आहे तशी संगणकावर उतरवा. ती मूळ डीव्ही फाइल जपून ठेवा, तासाला साधारण 13 जीबी लागतात. मग यादिफ फिल्टरने प्रत्येक फील्डची एक पूर्ण चौकट करून सेकंदाला 50 चौकटींचं चित्र काढा. हा फिल्टर एफएफएमपेग या सॉफ्टवेअरमध्ये फुकट मिळतो. वेळ हाताशी असेल तर डीइंटरलेससाठी क्यूटीजीएमसी वापरा, ते संथ चालतं पण काम फार सुरेख करतं. मोठं करायचंच असेल तर त्यानंतर करा.

लॉ कॉलेज रोड तुमच्यापासून काही कोस लांब नाही. तिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे, 1974 मध्ये दिल्लीहून तिथेच आलेला टेलिव्हिजन विभाग आहे, आणि जुनी चित्रं जपणारं, 1964 साली स्थापन झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही त्याच रस्त्यावर आहे. अशा शहरात हा धंदा करणाऱ्याने ‘माहीत नव्हतं’ म्हणू नये.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. फाइल मिळाली की लोक कॅसेट भंगारात देतात. प्लेअर तर मिळेनासेच झालेत. व्हीएचएसचे व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, 2016 मध्ये उत्पादन बंद केलं. म्हणजे तुम्ही नासवलेली फाइल हीच त्या घराची एकमेव प्रत उरते. त्यात कुणाची आई चालते, कुणाचे आजोबा हसतात. काकूंनी कॅसेट टाकल्या नव्हत्या म्हणून निभावलं.

पैसे परत मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. यापुढे प्रत्येक गिऱ्हाइकाला मूळ, न ताणलेली फाइल वेगळी द्या आणि “कॅसेट टाकू नका” असं स्वतःच्या तोंडाने सांगा. आजवर ज्यांना असे पेनड्राइव्ह दिलेत, त्यांना फोन करून कॅसेट अजून घरात आहेत का ते विचारा. ज्यांच्याकडे असतील त्यांचं काम पुन्हा करून द्या, विनामूल्य.

आपली,
कर्वेनगरातली एक व्हिडिओ एडिटर