लोकसहभाग कसा उरकावा : नव्या साहेबांस जुन्या कारकुनाचे खुले पत्र

मा. नवनियुक्त साहेब,
आरोग्य नियोजन (लोकसहभागासह) यांचे सेवेशी,



आपण रुजू झाल्याची बातमी पेपरात वाचली. फोटोत आपल्या गळ्यात हार आहे आणि मागे 'आपले आरोग्य, आपले नियोजन' असा फ्लेक्स. तो फ्लेक्स माझ्याच कारकिर्दीतला. जपून ठेवा. त्यावर तारीख मुद्दामच टाकलेली नाही.

मी जिल्हा परिषदेतला निवृत्त कारकून. आराखड्याची टेबलं पाहण्यात माझी हयात गेली. आपण आल्या आल्या जाहीर केलंत म्हणे, की यंदाचा आराखडा लोकांना विचारून करणार. वाचलं आणि पोटात गोळा आला. विचारायला आमची कधीच ना नव्हती, साहेब. आम्हीही दरवर्षी विचारत होतो. पण उत्तर ऐकण्याची पाळी येणार नाही अशा बेताने विचारायचं असतं. हे कसब कुठल्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत, म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी मनातून एक भीती काढून टाका. लोकांना विचारावं हे खूळ आपल्या डोक्यातून निघालेलं नाही. 1946 साली आरोग्यसेवेवरच्या भोर समितीने लिहून ठेवलं होतं की गावोगाव पाच-सात जणांची आरोग्य समिती असावी. 1978 साली अल्मा-आट्यात जगभरचे आरोग्यमंत्री जमले आणि आरोग्यसेवेच्या नियोजनात भाग घेणं हा लोकांचा हक्क आहे, शिवाय कर्तव्यही आहे, असं ठरवून घरी गेले. आपला देशही त्यात होता. म्हणजे खूळ जुनं आहे आणि आपलं खातं त्याला पुरून उरलं आहे. एकटे आपण आलात म्हणून काही बिघडणार नाही.

2005 साली ग्रामीण आरोग्य अभियान आलं तेव्हा मात्र थोडी पंचाईत झाली. गावच्या समितीसाठी चक्क पैसे आले. 'ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती' असं तिचं भरगच्च नाव. किमान 15 सदस्य, निम्म्या बायका, पंचायतीतला निवडून आलेला सदस्य अध्यक्ष, आशाताई सचिव. वर्षाला 10,000 रुपये आणि ते कशावर खर्चायचे हे गावाने ठरवायचं. आरोग्य, स्वच्छता, पोषण, पाणी, चौघांत वाटले तर प्रत्येकी अडीच हजार. एवढ्यात गाव काय ठरवणार, असं आपल्याला वाटेल. तसं समजू नका. एका गावाने नळाच्या टाकीला झाकण बसवायचं ठरवलं आणि पुढच्या सभेत टाकी धुवायला माणूस का येत नाही हे विचारलं. एकदा ठरवायची सवय लागली की ती वाढते.

यावर इलाज सोपा आहे. पैसे एप्रिलमध्ये पोचले तर लोकांना विचार करायला वेळ मिळतो. फेब्रुवारीत पोचले की पावत्या गोळा करण्यापलीकडे काही उरत नाही. ब्लीचिंग पावडर, वजनकाटा, दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, अल्पोपहार. 31 मार्चला विनियोग प्रमाणपत्र. आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीचंही असंच. तिथे रक्कम मोठी असते, त्यामुळे साहेबांच्या खोलीला पडदे येतात. बाळंतिणीच्या नातेवाइकांना बसायला शेड हवी, असं कोणी म्हणालं तर बांधकाम खात्याचं अंदाजपत्रक मागवा. ते येईपर्यंत बाळ शाळेत जातं.

आता सभेची वेळ. यात माझा हात कोणी धरत नव्हता. जिल्ह्याचा आराखडा डिसेंबर-जानेवारीत बनतो, कारण पुढे तो राज्याकडून दिल्लीला जायचा असतो. गावाकडून मागण्या घ्यायच्या त्याही तेव्हाच, 26 जानेवारीच्या ग्रामसभेत. आता पाहा, बीडकडचा ऊसतोड कामगार दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन निघतो तो उन्हाळ्याच्या तोंडावर परततो. म्हणजे ज्या बाईचं बाळंतपण कोल्हापुरात फडावर होणार, जिच्या पोराची लस सांगलीत चुकणार, तिच्यासाठीचा आराखडा ती गावात नसताना, तिच्याच गावात, सर्वानुमते मंजूर होतो. हे आम्ही घडवून आणलेलं नाही, पंचांगच तसं जुळून आलं आहे. पुढे त्याच बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय 2019 मध्ये विधिमंडळात गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. पण आमच्या इतिवृत्तांत शोधा, साहेब. त्या बायकांची एकही तक्रार सापडणार नाही. हजरच नव्हत्या.

तरी कधी कधी नको ती व्यक्ती हजर असते. एकदा तालुक्याला सभा होती. मागील इतिवृत्त वाचून कायम झालं, सूचक-अनुमोदकांची नावं आधीच टाइप केलेली होती, सामोसे बशीत पडले होते. मी सवयीने 'आयत्या वेळचे विषय' असं पुकारलं, आणि मागच्या रांगेतली एक बाई उठली. पदर खोचलेला, हातात एसटीचं तिकीट. म्हणाली, "सायेब, तुमचा दवाखाना साडेआठला उघडतो आन् साडेबाराला बंद होतो. आमच्या वाडीची गाडी पोचती पाऊण वाजता. चारला तुमी परत उघडता, तवा आमची शेवटची गाडी निगून गेलेली आसती. मग आमी आजारी कवा पडायचं तेवडं सांगा."

सभागृह हसलं. तेव्हाच्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. दवाखान्याची सकाळची वेळ तासभर पुढे सरकवली असती तर विषय तिथेच मिटला असता, आणि एकदा तसा मिटला की पुढच्या सभेला तिच्यासोबत दहा बायका आल्या असत्या. मी लिहिलं : 'वाहतुकीच्या प्रश्नावर साधकबाधक चर्चा झाली. विषय अन्य विभागाशी संबंधित असल्याने नोंद घेण्यात आली.' माझ्या आयुष्यातली ही सर्वांत देखणी दोन वाक्यं आहेत. नस्तीत आहेत, वेळ मिळाला की वाचा.

यापेक्षा मोठं संकट 2007 ला आलं होतं. पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुण्याची 'साथी' संस्था राज्यभराची जुळवाजुळव करत होती. गावातली माणसंच आपल्या दवाखान्याचं प्रगतिपुस्तक भरू लागली. नर्सताई वस्तीवर आल्या होत्या का, गोळ्या बाहेरून आणायला लावल्या का, जननी सुरक्षा योजनेचे पैसे हातात पडले का. चांगलं असेल तर हिरवा रंग, बरं असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. या रंगांचा घात लक्षात घ्या. आपला अहवाल वाचायला माणूस शिकलेला लागतो आणि शिकलेल्यालाही झोप येते. लाल रंग कोणालाही कळतो. मग जनसुनवाई. मांडवात एका बाजूला डॉक्टर आणि अधिकारी, समोर गाव, कडेला पत्रकार. तिथे 'नोंद घेण्यात आली' चालत नाही, लोक विचारतात की कोणी घेतली आणि कुठे आहे. अशा जागी बाहेरच्या औषधांच्या चिठ्ठ्या आपोआप कमी होतात, बंद उपकेंद्रांची कुलपं निघतात. खात्यावर केवढा हा अविश्वास!

आणि आपल्याच राज्यात काही डॉक्टरांनी खरोखर विचारून पाहिलं, त्याचे परिणाम आपण डोळ्यांसमोर ठेवावेत. जामखेडला 1970 मध्ये रजनीकांत आणि मेबेल आरोळे गेले. डॉक्टर रोगांचं विचारत होते, लोक पाण्याचं आणि अन्नाचं सांगत होते. शहाण्या माणसाने तिथे 'विषय अन्य विभागाशी संबंधित' म्हटलं असतं. यांनी पाण्याला हात घातला. हातपंप बसले तेही दलित वस्तीत, म्हणजे बाकीच्या गावाला पाणी तिथून भरावं लागलं. दवाखान्याच्या आराखड्यात जात आली, साहेब! आपल्या तक्त्यात तिच्यासाठी रकाना तरी आहे का? वर गावातल्या निरक्षर बायकांना आरोग्य कार्यकर्त्या केलं, आणि त्या बाळंतपणं करू लागल्या.

गडचिरोलीची गोष्ट तर आमच्या शाखेत दबक्या आवाजात सांगतात. अभय आणि राणी बंग यांनी गोंड लोकांना विचारलं की तुम्ही दवाखान्यात का येत नाही. आता याचं उत्तर आपल्याकडे तयार असतं : अज्ञान व अंधश्रद्धा. शिक्काच करून ठेवला आहे. पण त्यांनी विचारलं, आणि लोकांनी सांगितलं. तुमची माणसं पांढरे कपडे घालतात, आम्ही पांढऱ्यात प्रेत गुंडाळतो. रोग्याला आत घेता आणि त्याच्या माणसांना बाहेर काढता. तुमच्या दवाखान्यात देव नाही. झालं, त्यांच्या शोधग्रामचा दवाखाना झोपड्यांसारखा बांधला गेला, रोग्यासोबत घरची माणसं राहू लागली, आणि पाटीवर नाव आलं माँ दंतेश्वरीचं. आता मला सांगा, झोपड्यांच्या दवाखान्याचा टाइप प्लॅन कुठून आणायचा? देवीला कोणत्या लेखाशीर्षाखाली बसवायचं? ऑडिटला काय सांगायचं?

तिथेच 39 गावांतल्या शिकवून तयार केलेल्या बायकांनी घरी जाऊन नवजात बाळं सांभाळली आणि बालमृत्यू असे उतरले की 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने छापलं : तुलनेच्या गावांपेक्षा नवजातांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी. 2011 मध्ये केंद्र सरकारला तीच पद्धत देशभरच्या आशांकडे सोपवावी लागली. कामाचा बोजा कसा वाढतो ते पाहा.

ब्राझीलचं नाव मी घेणार नव्हतो, पण आपण अभ्यासदौऱ्याला जाल आणि बिघडून याल म्हणून सांगतो. तिथे 1990 च्या कायद्याने आरोग्य परिषदांत निम्म्या जागा सेवा घेणाऱ्यांच्या ठेवल्या आहेत, आणि परिषद नसेल तर वरून पैसा मिळत नाही. आपल्याकडे निधीला असली अट घालण्याची कोणी टिपणी पाठवली, तर ती 'सखोल अभ्यासासाठी' माझ्या जुन्या कपाटात ठेवा. खालचा खण, उजवीकडे. त्याची किल्ली हरवलेली आहे.

नकाशाचंही सांगून ठेवतो. सपाटीवर 30,000 आणि डोंगरी-आदिवासी भागात 20,000 लोकसंख्येमागे एक आरोग्य केंद्र, हा निकष पाठ असू द्या. निकष डोकी मोजतो. मध्ये पूल नसलेली नदी आहे, पावसाळ्यात चार महिने रस्ता तुटतो, जवळचं केंद्र दुसऱ्या तालुक्यात पडतं, असलं काही सांगायला लोक येतील. त्यांना आदराने बसवा, चहा पाजा, मुंबईला प्रस्ताव पाठवतो म्हणा. नदीच्या पलीकडे कधी जाऊ नका. तिथून आपला नकाशा फार वेगळा दिसतो, असं एक तरुण वैद्यकीय अधिकारी मला म्हणाला होता. त्याची बदली झाली.

माझं म्हणाल तर निवृत्तीनंतर गावी येऊन राहिलो आहे. रक्तदाबाची गोळी केंद्रातून मिळते, कधी मिळते, कधी पुढच्या आठवड्यात. परवा रांगेत उभा असताना भिंतीवर समितीच्या सदस्यांची यादी दिसली आणि तिच्यात माझं नाव. आशाताईंना म्हटलं, मला तर कोणी सांगितलं नाही. त्यांनी बिचारीने रजिस्टर काढून दाखवलं. गेल्या वर्षभरातल्या सगळ्या सभांना मी हजर आहे. दोन ठरावांना अनुमोदनही दिलं आहे. सही माझी नव्हे, पण अक्षराचं वळण थेट आपल्या शाखेचं. काम चोख आहे, साहेब, ज्या कोणाचं असेल त्याला माझा नमस्कार सांगा, आणि पुढच्या सभेला मला हजर दाखवणारच असाल तर आयत्या वेळच्या विषयात एवढं लिहा : सदर सदस्याने गोळ्यांबाबत विचारणा केली.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त कारकून (हल्ली, लोक)