कार्ड ऑनलाइन नाही

चुलत्यांच्या छातीत कळ आली ती पहाटे तीनला. साडेचारला आम्ही दवाखान्यात होतो. आतल्या डॉक्टरांनी जीव तोडून काम केलं, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. सकाळी नऊला बाहेर, सरकारी आरोग्य योजनेच्या टेबलावर आरोग्यमित्र येऊन बसला. काकूने कॅरीबॅगेतून केशरी रेशन कार्ड काढलं. घडीवर फाटलेलं, चिकटपट्टीने सांधलेलं. त्या पोराने कार्डाचे बारा आकडे टाकले, परत टाकले आणि म्हणाला, ‘‘मावशी, कार्ड ऑनलाइन नाही.’’

काकूला वाटलं, तो कार्ड खोटं म्हणतोय. ‘‘अरे, याच्यावर वीस वर्षं गहू आणलाय रे,’’ ती म्हणाली. पोरगं भलं होतं, पण त्याच्या हातात काही नव्हतं. तहसीलमधून कार्ड ऑनलाइन करून आणा, म्हणाला. त्या दिवशी शनिवार होता. काउंटरवर पन्नास हजार डिपॉझिट मागितलं आणि दुपारी काकूच्या पाटल्या गहाण पडल्या.

तातडीच्या रुग्णाला याच योजनेत फोनवरून मंजुरी घेता येते, कागद मागाहून दिले तरी चालतात. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी तिथे आम्हाला कुणी सांगितलं नाही. आणि सांगितलं नाही म्हणून उद्या मी कुणाला जाब विचारायचा? टोल फ्री नंबरला?

या आठवड्यात मला एवढंच लिहायचं आहे. आपल्याकडे आरोग्यावर पक्षापक्षांत भांडण होतं, पण ते नावावरून आणि श्रेयावरून. १९९७ मध्ये युतीच्या काळात जीवनदायी योजना आली. २०१२ मध्ये आघाडी सरकारने राजीव गांधींच्या नावाने दीड लाखाच्या विम्याची योजना काढली. पहिल्या आठ जिल्ह्यांत आपलं नगर नव्हतं, आपल्याकडे ती २१ नोव्हेंबर २०१३ ला पोचली. २०१७ मध्ये सरकार दुसरं होतं, योजनेला महात्मा फुले यांचं नाव मिळालं. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली, २०२० मध्ये राज्यात दोन्हींची सांगड घातली गेली. जून २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने ठरवलं, पाच लाखांचं कवच सगळ्यांना. निर्णय चांगलाच आहे. पण सव्वीस वर्षांच्या या सगळ्या प्रवासात महाराष्ट्रातल्या माणसाला उपचाराचा हक्क देणारा कायदा विधानसभेत झाला नाही. योजना शासन निर्णयावर चालली, आजही त्यावरच चालते.

शासन निर्णय म्हणजे काय, ते त्याच्या शेवटच्या ओळीत कळतं. ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’, आणि खाली एका अधिकाऱ्याची सही. त्यावर सभागृहात वाचन होत नाही, कलमाकलमावर चर्चा होत नाही, विरोधकाला दुरुस्ती सुचवता येत नाही. मंत्रालयातला एक कागद आला की योजना सुरू, दुसरा कागद आला की तिच्या अटी बदलल्या. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, तेही असेच. ज्या दिवशी तिजोरी आटेल त्या दिवशी तो कागद मागे घ्यायला एकाही आमदाराला हात वर करावा लागणार नाही.

कायदा केल्याने काय फरक पडतो, हे महाराष्ट्राला बाहेरून शिकायची गरज नाही. रोजगार हमी आठवा. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम, ही कल्पना त्यांनी आधी सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यात करून पाहिली. १९७२ च्या दुष्काळात तिने राज्य तगवलं. तेव्हा तीही योजनाच होती. मग पैशाची सोय झाली: १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला. नोकरदारांनी पगाराची चिठ्ठी काढून बघावी, महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, ते त्याचेच. आणि १९७७ मध्ये दोन्ही सभागृहांनी रोजगार हमीचा कायदा एकमताने केला. पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर बेकारी भत्ता, हे त्या कायद्यात लिहिलेलं. तो अमलात आला २६ जानेवारी १९७९ ला, तोवर सरकार बदलून पुलोदचं झालं होतं. तरी कायदा जागचा हलला नाही. पाटी बदलायचीही कुणाला गरज वाटली नाही. पुढे २००५ मध्ये देशाने त्याच वाटेने कायदा केला. भत्ता सगळ्यांना मिळाला असं मी म्हणत नाही. पण खडी फोडणाऱ्या बाईला तहसीलदारासमोर उभं राहून ‘माझं काम दे’ म्हणता येत होतं. काकूला त्या टेबलासमोर ते म्हणता आलं नाही.

कायद्यावरचं भांडण सोपं नसतं, हेही मान्य. राजस्थानात आरोग्य हक्काचं विधेयक सप्टेंबर २०२२ मध्ये आलं, प्रवर समितीकडे गेलं, २१ मार्च २०२३ ला मंजूर झालं. भाजपने विरोध केला, खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले, ४ एप्रिलला सरकारला तडजोड करावी लागली. डॉक्टरांचा प्रश्न रास्त होता: तातडीचे उपचार मोफत करायचे, मग बिल कोण देणार, कधी देणार? हा प्रश्न सभागृहातच सुटायला हवा. आणि झालेला कायदा मोडायचा तर तेही उघडच करावं लागतं. अमेरिकेत २०१० मध्ये ओबामांचा आरोग्य कायदा एकाही रिपब्लिकन मताशिवाय झाला. २०१७ मध्ये तो मोडायला निघालेल्यांना सिनेटमध्ये उघड मतदान करावं लागलं, आणि त्यांच्याच पक्षाच्या जॉन मॅकेन यांनी विरोधात मत दिलं. ४९ विरुद्ध ५१, डाव फसला. कुणी काय केलं ते साऱ्या देशाला दिसलं.

आपला कोपरगाव तालुका राजकारणात कुणाला हार जाणारा नाही. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत आशुतोष काळे आणि स्नेहलता कोल्हे यांच्यात फक्त ८२२ मतांचा फरक होता. इतकी चुरस असताना दवाखान्याचा विषय निघाला की निधी कुणी आणला यावरच फ्लेक्स लागतात. भांडा, जरूर भांडा, पण कायद्यावर भांडा. दोघांचेही पक्ष आज राज्यात एकत्र सत्तेत आहेत. सरकारने विधेयक आणलं नाही तर आमदाराला अशासकीय विधेयक मांडता येतं. तातडीच्या रुग्णाकडे कार्ड मागू नये, मंजुरीला मुदत असावी, नाकारलं तर कारण लेखी द्यावं आणि दवाखान्याचं बिल ठरल्या दिवसांत चुकतं व्हावं, एवढी चार कलमं तरी त्यात हवीत.

सोमवारी मी काळे आणि कोल्हे या दोन्ही गटांच्या कार्यालयांत याच मागणीचं पत्र देणार आहे, सोबत काकूच्या कार्डाची झेरॉक्स. कार्ड ऑनलाइन झालं, एकोणिसाव्या दिवशी. चुलते तोवर घरी येऊन अंगणात चार पावलं चालायला लागले होते. पाटल्या अजून सोनाराकडे आहेत, आणि त्यांची पावती काकूने रेशन कार्डाच्याच कॅरीबॅगेत ठेवली आहे.