हात धरायला देव

भा. रा. तांब्यांनी आपल्या मरणावर लिहिलेली कविता मोठी समजूतदार आहे. माणसं घटकाभर हळहळतील, मग ज्याचा तो कामाला लागेल. चंद्रसूर्यांचंही काही अडणार नाही. मग हरीच्या दूताला पाठ का दाखवा? वसंत प्रभूंची चाल आणि लताबाईंचा गळा लाभल्यापासून ही विरक्ती घरोघर भाजी निवडताना गुणगुणली जाते. मला कुतूहल आहे ते त्या दूताचं. विसाव्या शतकात हरी स्वतः येत नाही, माणूस पाठवतो. देवाचाही व्याप वाढला असावा.

त्याआधीच्या गोविंदाग्रजांच्या राजहंसाच्या कवितेत दूताचीही डाळ शिजली नसती. गेलेलं बाळ निजलंय, असं म्हणणाऱ्या त्या आईपुढे आत्म्याच्या अमरत्वाचा विषय काढायची कुणाची छाती आहे?

आणखी मागे, 1296 च्या आळंदीत जावं, तर देव जातीनं हजर. नामदेवांनी रचलेल्या अभंगांत समाधी घ्यायला निघालेल्या ज्ञानदेवांचा एक हात निवृत्तिनाथांच्या हाती आणि दुसरा खुद्द विठ्ठलाच्या. नारा, विठा, गोंदा, महादा ही नामदेवांची चार मुलं जागा झाडायला आधीच धाडलेली. लग्नघरातल्या पोरांना कामं वाटून द्यावीत तशी ही लगबग. एकविसाव्या वर्षी, आपखुशीनं, देवाचा हात धरून निघालेला योगी. श्रद्धेच्या हिशेबानं इथं शोकाला जागाच नको. पण तिथल्याइतकं रडू मराठीत दुसरीकडे क्वचितच सापडेल. त्यातही बांध फुटतो तो निवृत्तिनाथांचा. ज्यांनी धाकट्या भावाला ब्रह्मज्ञान दिलं, त्यांना ते त्या दुपारी स्वतःला पुरलं नाही. देव जवळ असला की माणूस मनमोकळं रडत असेल. दूतासमोर मात्र थोडं सावरूनच बसावं लागतं.

अजूनही कार्तिक वद्य त्रयोदशीला पांडुरंगाच्या पादुका पंढरपूरहून आळंदीत आलेल्या असतात. नामदेवांचे वंशज कीर्तनात तो प्रसंग सांगतात. शेवट सगळ्यांना पाठ असतो, तरी पदर आणि उपरणी डोळ्यांना लागतात. रडणाऱ्या एखाद्या आजीला विचारून पाहावं. माउली गेलीच कुठे, असं ती आपल्यालाच दटावेल, आणि पुन्हा नाक पुसायला लागेल.