शंकर नाग आणि चालू मीटर

बेंगळुरात नोकरी नसलेला माणूस सापडेल, कल्पना नसलेला सापडणार नाही. आमच्या पीजीत सकाळी बाथरूमच्या रांगेतही लोक एकमेकांना आपली ‘स्टोरी’ ऐकवतात. कुणाचा स्टार्टअप, कुणाचा पॉडकास्ट, कुणाची वेबसिरीज, सगळं येत्या सहा महिन्यांत. सांगलीहून मीडिया शिकायला मी इथं आलो, तेव्हा माझ्याकडे सामानात एक बॅग आणि आईनं दिलेला चिवडा होता. कल्पना म्हणावी अशी एकही नव्हती. वडिलांची समजूत तर अशी आहे, की मी बेंगळुरात छपाईचं काहीतरी शिकतोय. ती मी मोडलेली नाही. निदान त्यात काहीतरी छापून बाहेर पडतं.

दुसऱ्या सेमिस्टरला पाच मिनिटांचा माहितीपट करायचा होता. विषय बेंगळुराचा हवा आणि नजर आपली हवी, एवढीच अट. नजर तयार व्हावी म्हणून मी बसवनगुडीत गांधी बझारला जाऊन डोसे खाल्ले. नजर तशीच राहिली, पण बाहेर येऊन रस्त्यावर उभा राहिलो तर समोरून रिक्षामागून रिक्षा जात होत्या आणि कित्येकींच्या पाठीवर एकच मिशीवाला देखणा तरुण बसलेला होता.

हा शंकर नाग. 1980 च्या ‘ऑटो राजा’ या कन्नड चित्रपटात त्यानं रिक्षावाल्याचं काम केलं आणि रिक्षावाल्यांनी त्याला जे उचललं ते आजतागायत खाली ठेवलेलं नाही. माणूस मूळचा होन्नावरकडचा, पण मुंबईत मराठी नाटकांत रमलेला. चापेकर बंधूंवरचा ‘22 जून 1897’ हा नचिकेत आणि जयू पटवर्धन यांचा मराठी चित्रपट, त्याच्या लेखनात याचा हात. दूरदर्शनची ‘मालगुडी डेज’ यानंच आगुंब्यात उभी केली. 30 सप्टेंबर 1990 ला दावणगेरेजवळ मोटारीच्या अपघातात गेला, तेव्हा जेमतेम पस्तिशीचा होता. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे रिक्षावाल्यांचं हे दैवत बेंगळुरात मेट्रो यावी म्हणून धडपडत होतं! मेट्रो आली 2011 मध्ये. मी वहीत ‘विरोधाभास’ असं लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. आता मी सर्जनशील झालो होतो.

वर्गात विषय मांडला. मॅडम ‘छान’ म्हणाल्या आणि कन्नड मुलं माना खाली घालून हसू लागली. काही नवीन दिसलं की लोक असेच अस्वस्थ होतात, असं मी स्वतःला समजावलं.

कॉलेजजवळच्या स्टँडवर खाकीतले एक अण्णा वर्तमानपत्र वाचत बसले होते. पाठ केलेलं कन्नड वाक्य मी त्यांच्यापुढे म्हणून दाखवलं. त्यांनी माझ्या ट्रायपॉडकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“गाव कुठलं?”

“सांगली.”

“मग कन्नडाचं हाल कशाला करालाय? मी निपाणीचा. शंकर नागच न्हवं? दोन मिंटाचं पायजे का पाच?”

मला कळेना. अण्णांनी वर्तमानपत्राची घडी घातली. “दरसाली येत्यात की पोरं. गेल्या साली दोघी आलत्या, त्यास्नी पाच मिंटाचं दिलं. त्याच्या आदल्या साली एकजण आलता, त्यो तर रडलाबी. तुमचं काय, रडायचं हाय का इरोधाभास?”

वहीतल्या दोन रेघा तिथंच पुसल्या गेल्या.

पुढचं दिग्दर्शन त्यांनीच केलं. कॅमेरा ऊन पाठीशी येईल असा लावायला सांगितला, कॉलरचा माइक स्वतःच शर्टाच्या आतून घेऊन टोचला आणि मीटर टाकलं. “मीटर कशाला, अण्णा? आपण कुठं जाणार नाही.” “तुमी न्हाई जाणार. माजा टाइम जातोय की.” 1 ऑगस्ट 2025 पासून बेंगळुरात पहिल्या 2 किलोमीटरला 36 रुपये आणि पुढं दर किलोमीटरला 18 असा दर आहे, शिवाय वेटिंग वेगळं. जागच्या जागी उभं राहून इतका प्रवास मी आयुष्यात केला नव्हता. शंकर नाग गेल्याची बातमी कशी कळली, ते सांगताना अण्णा नेमक्या जागी थांबले, लांब बघितलं आणि तसंच लांब बघत म्हणाले, “हितं म्युझिक घाला.”

रात्री फुटेज लॅपटॉपवर घेतलं. आवाजाच्या पट्टीवर मुख्यतः हॉर्न होते आणि हॉर्न थांबत तिथं मी होतो. माझा एकेक प्रश्न मिनिटभर चाले, ‘सामूहिक स्मृती’, ‘शहरी अस्मिता’ असली स्टेशनं घेत तो शेवटाला पोचला, की अण्णा म्हणत, “व्हय.” उत्तरं कापून प्रश्न ठेवले तरी कुणाला फरक कळला नसता.

रफ कट पाहून मॅडमनी विचारलं, “यात मुलाखत कुणाची आहे?” मी खाली बघितलं. मग त्यांनी, अस्सल बेंगळुरी कन्नडिग बाईंनी, मला सांगलीकराला दादासाहेब फाळके ऐकवले. ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 मध्ये आला. त्याच्या आधी भांडवल उभं करण्यासाठी फाळक्यांनी काय चित्रित केलं होतं? कुंडीतला वाटाणा. रोज थोडी थोडी फिल्म फिरवून रोपाची वाढ टिपली आणि पडद्यावर ते सरसर वाढताना दाखवलं. “वाटाणा त्यांच्याआधी कुणी पाहिला नव्हता, असं तुला वाटतं का?” मॅडमनी विचारलं. सिग्नल हिरवा होईपर्यंत ज्याला दम धरवत नाही, त्यानं याला काय उत्तर द्यायचं!

मी पुन्हा स्टँडवर गेलो. या वेळी एकच प्रश्न नेला होता आणि तोही लाजत विचारला. “अण्णा, इतकी पोरं आली, त्यांनी तुम्हाला काय विचारलं नाही?”

अण्णा गप्प. म्युझिकची सूचना नाही. बऱ्याच वेळानं म्हणाले, “ह्यो फोटू कुठनं आला, ते कुनी इचारलं न्हाई. बसा.” आणि मीटर टाकलं.

गल्लीतलं रेडियमचं दुकान. रिक्षावाल्यांच्या पाठीवरचे सगळे देव इथून निघतात. संगणकावर चित्र उघडलं, की मशीनची पाती रंगीत चिकटपट्टीवर रेघा कापत जाते. नको तो भाग चिमट्यानं सोलून काढायचा आणि उरतो तो शंकर नाग. पुनीत राजकुमार, शिवाजी महाराज, नंबरप्लेटीचे आकडे सगळे त्याच मशीनवर. चिमटा धरणारा पोरगा विशीचा होता. शंकर नागचा एकही चित्रपट त्यानं पाहिलेला नव्हता, पण मिशीचं टोक कुठं संपतं, हे त्याला न बघता सांगता येत होतं. “म्हातारा शंकर नाग आहे का?” असं मी मूर्खासारखं विचारलं. “नाही सर,” तो हिंदीत म्हणाला, “फाइलच नाही.”

हे सगळं मी चित्रित केलं, कारण तिथं मला बोलायला कुणी विचारलंच नाही. मशीनचा आवाज मोठा होता, तो तसाच ठेवला. माहितीपटाच्या शेवटी ‘कल्पना आणि दिग्दर्शन’ यापुढे माझं नाव आहे. त्यातली कल्पना अण्णांची, दिग्दर्शनही बऱ्याच अंशी त्यांचंच. माझ्याकडे निव्वळ भाड्याची बाजू होती. मॅडमनी बी प्लस दिला. कन्नड मुलं या वेळी हसली नाहीत. त्यांतल्या एकानं दुकानाचा पत्ता विचारला, तो मी दिला नाही. एवढी कलावंताची वृत्ती आता माझ्यातही आलेली आहे.

कुणी न पाहिलेलं शोधायला मी निघालो होतो. बेंगळुरात तसलं काही शिल्लक नाही. जे आहे त्यासमोर कुणाचा तरी ट्रायपॉड आधीच उभा आहे. शिल्लक आहे ते न विचारलेलं, आणि ते कळायला आधी आपलं तोंड बंद करावं लागतं. पुढच्या वर्षी त्या स्टँडवर जाणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं : जाताना प्रश्न कमी न्या, खात्यात पैसे जास्त ठेवा, आणि अण्णांना रडायला लावू नका, त्याचे ते वेगळे घेतात.